घोड्याचा पाय का मोडला? पॉलिमर क्ले भाजताना झालेल्या चुका आणि मला मिळालेला धडा



आज एका चुकीची गोष्ट सांगते. खरं म्हणजे चुका दोन आहेत. एक ओव्हनमधली आणि एक माझ्या जिभेवरची. ओव्हनमधली चूक सापडायला पंधरा दिवस लागले. जिभेवरची चूक तर माझ्या लक्षातच आली नव्हती, ती एका सातवीतल्या मुलीनं न बोलता दाखवून दिली.

मी नंदुरबार जिल्ह्यात, शहादा तालुक्यातल्या एका खेड्यात सहावी-सातवीला शिकवते. वर्गात घरी भिली बोलणारी मुलं आहेत, अहिराणी बोलणारी आहेत, गुजरी बोलणारीही आहेत. दिवाळी झाली की काही मुलांचे आईवडील ऊसतोडीला गुजरातेत जातात. काही मुलं त्यांच्यासोबत जातात, काही आजीजवळ मागे राहतात. या भागात शिकवणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत आहे की दिवाळी ते होळी हे महिने पटाचे नाही, हजेरीचे असतात. मूल शाळेत यावं म्हणून रोज काहीतरी ओढ लावणारं हातात असावं लागतं.

मार्गशीर्षात आमच्याकडे ही ओढ आपोआप तयार होते, कारण सारंगखेड्याची यात्रा. तापीच्या काठी एकमुखी दत्ताचं देऊळ, दत्तजयंतीची यात्रा आणि तो प्रसिद्ध घोडेबाजार. त्या दिवसांत मुलांच्या तोंडी घोड्याशिवाय विषय नसतो. कोणता पांढरा, कोणता नाचतो, कोणाची किंमत किती लाखांत गेली, हे सगळं मुलांना पाठ. म्हणून मी ठरवलं, यंदा कार्यानुभवाच्या तासाला घोडेच करायचे. माझ्या बहिणीनं सुरतहून पॉलिमर क्लेची रंगीत पाकिटं आणून दिली होती. माळ्यावर जुना ओटीजी पडून होता, तो शाळेत नेला. पाकिटावर लिहिलं होतं, 130 अंश सेल्सिअस, सहा मिलिमीटर जाडीला तीस मिनिटं. मी मथळा वाचावा तसं ते वरवर वाचलं आणि कामाला लागले.

पहिला घाणा

मुलांनी काय काय केलं म्हणून सांगू! कोणी मणी केले, कोणी बैल, कोणी दत्ताच्या गाईसारखी गाय. एका मुलीनं मात्र घोडा केला आणि तो खरोखर घोडा दिसत होता. मान वर उचललेली, शेपूट उडालेली, पाठीवर लाल झूल. तिचे आईवडील तेव्हा तोडीवर होते. ती म्हणाली, "मॅडम, बापू होळीला येतील तेव्हा दाखवीन."

ओटीजी सुरू केला, काटा 130 वर लावला आणि लगेच सगळं आत ठेवलं. पंधरा मिनिटांनी काढलं. वरून हात लावला तर कडक वाटलं. झालं! मी खूश, मुलं खूश.

दुसऱ्या दिवशी तिनं घोडा उचलला आणि मागचा पाय निघून हातात आला. मोडलेल्या जागी पाहिलं तर आतून भुरभुरीत, नानकटाई मोडावी तसं. सगळा वर्ग बघत होता. मला घाई होती, पुढचा तास गणिताचा होता. मी म्हणाले, "तू नीट मळलं नाहीस ना! किती वेळा सांगितलं, हात चालवा म्हणून."

ती हळूच म्हणाली, "मॅडम, मी मळलं होतं."

मी ऐकलं नाही. ऐकायला वेळच नव्हता, असं तेव्हा वाटलं.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

दुसरा घाणा

मधल्या काळात बाकीच्या मुलांच्या वस्तू भाजायच्या होत्या. पहिला घाणा कच्चा राहिला, म्हणजे आच कमी पडली, असा मी सरळ निष्कर्ष काढला. काटा 180 वर नेला. दहा मिनिटांत उग्र वास आला, डोळे चुरचुरले, काचेआड धूर दिसला. बटण बंद केलं, मुलांना मैदानात पाठवलं, खिडक्या-दारं उघडली. नऊ मुलांच्या वस्तू होत्या त्यात. पांढरी गाय तपकिरी झाली होती, मण्यांवर फोड आले होते, बैलाचं शिंग वाकून कपाळाला टेकलं होतं.

आता सांगा, यात कोणी नीट मळलं नव्हतं? नऊच्या नऊ मुलांनी? मी त्या करपलेल्या वस्तूंकडे बघत उभी होते आणि मला तो मोडलेला पाय आठवत होता. कच्चं राहिलं तेव्हा दोष मुलीच्या हाताचा होता, आणि करपलं तेव्हा दोष ओव्हनचा? दोन्ही वेळा काटा फिरवणारा हात माझाच होता.

त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा या मातीबद्दल नीट वाचलं. वाचल्यावर कळलं की ही मातीच नाही. नाव क्ले, पण आत पीव्हीसी नावाच्या प्लास्टिकची बारीक पूड, तिला मऊ ठेवणारं तेलासारखं द्रव्य आणि रंग. उष्णता मिळाली की प्लास्टिकचे कण ते द्रव्य शोषून फुगतात आणि एकमेकांना चिकटून एकजीव होतात. उष्णता कमी पडली तर कण नुसते जवळ बसतात, एकजीव होत नाहीत, म्हणून वस्तू भुरभुरीत राहते. उष्णता फार झाली तर पीव्हीसी जळू लागतं आणि हायड्रोजन क्लोराईड हा घातक वायू सुटतो. डोळे चुरचुरले ते उगाच नव्हते. माझ्या घाईनं मुलांना त्या धुराजवळ उभं केलं होतं, हे कळल्यावर मला रात्री नीट झोप लागली नाही.

आणखी एक गंमत वाचायला मिळाली. ही वस्तू स्वतःच एका नापास प्रयोगातून आली आहे. जर्मनीत कॅथे क्रूझ या बाहुल्या करणाऱ्या बाईंकडे 1939 च्या सुमारास बाहुल्यांची डोकी करण्यासाठी असं एक द्रव्य आलं. त्यांच्या कारखान्याला ते जमलं नाही. त्यांच्या मुलीनं, घरात तिला फिफी म्हणत, ते टाकून न देता त्यावर काम केलं आणि त्यातून हस्तकलेची माती तयार झाली. 1964 साली एबरहार्ड फाबर कंपनीनं ती घेतली आणि पुढे फिमो या नावानं ती जगभर गेली. आईच्या कामाला न आलेली गोष्ट मुलीनं वेगळ्या नजरेनं बघितली, एवढंच.

भाकरीनं दिलेलं उत्तर

तिसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी त्या मुलीच्या घरी गेले. आजी बाहेर शेळीला पाला टाकत होती. "या मॅडम," म्हणाली, "पोरीला काय झालं माहीत नाही, शाळेचं नाव काढलं की गप्प बसते."

आत चुलीपुढे ती भाकरी थापत होती. मी शेजारी बसले. बोलायला काही सुचेना. शेवटी म्हणाले, "काल मी नऊ जणांच्या वस्तू जाळल्या."

तिनं पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "कशा?"

"आच वाढवली. तुझा घोडा कच्चा राहिला होता ना, मला वाटलं जास्त आच लावली की होईल."

ती भाकरी उलटत म्हणाली, "जाड भाकर मोठ्या आचेवर टाकली तर वरून करपते मॅडम, आत कच्चीच राहते. जाड असली तर आच बारीक ठेवायची आणि जास्त वेळ ठेवायची."

मी गप्प बसले. पाकिटावर इंग्रजीत नेमकं हेच लिहिलेलं होतं. सहा मिलिमीटरला तीस मिनिटं, याचा अर्थ जाडी वाढली तर वेळ वाढवा, आच नव्हे. मी शिकलेली असून ते वाचलं नाही, आणि ही पोर रोज ते चुलीवर करत होती.

मग मी तिला म्हणाले, "तू नीट मळलं होतंस. चूक माझी होती. मी सगळ्यांसमोर तुला बोलले, उद्या सगळ्यांसमोरच सांगेन."

ती काही बोलली नाही. आजीनं भाकरी आणि लसणाची चटणी पुढे केली. ती खाऊन मी घरी आले. दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली, कागदात गुंडाळलेला घोडा आणि तो पाय घेऊन.

चुकांची वही

वर्गात मी जे घडलं ते जसंच्या तसं सांगितलं. पंधरा मिनिटांची घाई, न वाचलेलं पाकीट, 180 चा काटा आणि तिला विनाकारण बोलणं. मुलं आधी शांत होती. मग एक मुलगा म्हणाला, "मॅडम, मग आता आपण बरोबर कसं ते शोधू या का?" या एका वाक्यासाठी मला ते सगळं कबूल करावंसं वाटलं होतं.

आम्ही एक वही केली. पानावर चार रकाने: काय केलं, काय झालं, का झालं असेल, पुढच्या वेळी काय बदलू. नियम एकच. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. जाडीही बदलली, वेळही बदलली, आचही बदलली, तर कशामुळे काय झालं ते कळत नाही. माझ्या दुसऱ्या घाण्यात नेमकं तेच झालं होतं. वस्तू वेगळ्या, आच वेगळी, वेळ वेगळी, आणि निष्कर्ष मात्र छातीठोक.

पहिला शोध थर्मामीटरनं लावला. ओव्हनच्या आत ठेवायचा वेगळा थर्मामीटर मिळतो, तो मागवला. मुलांनी काचेतून दर पाच मिनिटांनी आकडा वाचून फळ्यावर लिहिला. काटा 130 वर असताना आकडा कधी 160 च्या वर जात होता, कधी 110 पर्यंत उतरत होता. मुलं चकित झाली. ओटीजीतला दांडा सतत तापत नाही, तो चालू-बंद होत राहतो, हे त्यांना समोर दिसलं. वीस-पंचवीस मिनिटांनी चढउतार कमी झाला. म्हणजे मी सुरुवातीला थंड ओव्हनमध्ये वस्तू ठेवल्या तेव्हा त्या पंधरा मिनिटांतली बरीचशी मिनिटं ओव्हन नुसता तापण्यातच गेली होती.

त्यात आमच्याकडची वीज. शेतीपंप सुरू झाले की व्होल्टेज उतरतं, हे तुम्हालाही ठाऊक आहे. विज्ञानाच्या तासाला हे गणित छान बसलं. कॉईलची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे बदलते. 230 व्होल्टऐवजी 184 व्होल्ट मिळाले, म्हणजे 80 टक्के, तर उष्णता 64 टक्क्यांवर येते. सातवीच्या मुलांना वर्ग आणि टक्केवारी एकाच उदाहरणात मिळाली, आणि तेही ज्याचा त्यांना राग आहे अशा विजेच्या उदाहरणात!

दुसरा शोध जाडीचा. क्लेच्या दोन्ही बाजूंना पुठ्ठे रचून त्यावरून लाटणं फिरवलं आणि तीन, सहा आणि बारा मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या केल्या. सगळ्या 130 वर, तीस मिनिटं. पूर्ण थंड झाल्यावर दुसऱ्या दिवशी वाकवून बघितल्या. तीनची पट्टी वाकली आणि सरळ झाली. सहाची थोडी वाकली. बाराची टचकन मोडली आणि आत तोच भुरभुरीतपणा. मग बाराची नवी पट्टी साठ मिनिटं ठेवली. ती मोडली नाही. ती मुलगी हळूच म्हणाली, "भाकरच."

मग घोड्याचं कोडं सुटलं. पोट जाड, पाय काडीसारखे. पोट भाजेपर्यंत ठेवलं तर पायांना धोका, पाय बघून काढलं तर पोट आणि पायाचा सांधा कच्चा. उपाय मुलांनीच काढला. पोटाच्या आत ॲल्युमिनियम फॉईलचा घट्ट गोळा करायचा आणि वरून क्लेचा पातळ थर द्यायचा, म्हणजे सगळीकडे जाडी सारखी. पायात तार. वरून फॉईलचं सैल छप्पर, म्हणजे दांड्याची थेट आच लागून पांढरा रंग करपत नाही.

नेहमी होणाऱ्या चुका

तुमच्या शाळेत किंवा घरी हे करून बघणार असाल तर आमच्या वहीतल्या या नोंदी उपयोगी पडतील.

1. थंड ओव्हनमध्ये वस्तू ठेवणं. आधी किमान वीस मिनिटं ओव्हन तापू द्या. आत एक जाड फरशीचा तुकडा ठेवला तर तो उष्णता धरून ठेवतो आणि चढउतार कमी होतो. वस्तू मधल्या कप्प्यात ठेवा, दांड्याजवळ नको.

2. काट्यावर विश्वास ठेवणं. थर्मामीटर ठेवा. आणि पाकिटावरचाच आकडा पाळा, कारण वेगवेगळ्या कंपन्यांच्या क्लेला वेगवेगळं तापमान लागतं. एखादीला 110 अंश पुरतात.

3. घाईसाठी आच वाढवणं. हे कधीच करू नका. धूर किंवा उग्र वास आला तर लगेच बंद करा, खिडक्या उघडा, मुलांना बाहेर न्या. ओव्हनजवळ नेहमी मोठं माणूसच हवं. मायक्रोवेव्हमध्ये क्ले कधीही भाजू नका.

4. गरम असतानाच तपासणं. पॉलिमर क्ले गरम असताना मऊच असतो, म्हणून वाटतं झालं नाही आणि आपण पुन्हा आच लावतो. थंड होईपर्यंत थांबा. डिसेंबरच्या थंडीत वस्तू एकदम बाहेर काढली तर तडे जातात. ओव्हन बंद करून दार किंचित उघडं ठेवा आणि आतच निवू द्या.

5. उन्हात वाळवणं. आमच्या मुलांनी मातीच्या सवयीनं काही वस्तू उन्हात ठेवल्या होत्या. या क्लेत पाणीच नसतं, त्यामुळे तो वाळत नाही. उलट उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत राहिलेलं पाकीट अर्धवट कडक होऊन बसतं. थंड जागी ठेवा.

6. हवेचे फुगे आणि मळके हात. मळताना हवा अडकली तर भाजताना तिथे फोड येतो. मिरचीच्या हंगामात आमच्या बऱ्याच मुलांचे हात लाल असतात, पांढरा क्ले लगेच गुलाबी होतो. आधी हात धुवा, आधी हलका रंग मळा, मग गडद.

7. खाण्याची भांडी वापरणं. क्लेसाठी वापरलेलं लाटणं, ताटली, ओटीजी पुन्हा स्वयंपाकाला वापरू नका. कच्चा क्ले थर्माकोलच्या ताटलीवरही ठेवू नका, तो तिला खातो.

ज्यांच्याकडे ओटीजी नाही त्यांनी वाईट वाटून घेऊ नये. नदीची माती आहेच. आमच्या गावातले एक कुंभारबाबा वर्गात आले तेव्हा त्यांनी सांगितलं, "माती वाळली का नाही ते डोळ्यानं बघायचं नाही, गालाला लावून बघायचं. गार लागली तर आत पाणी आहे." आत पाणी राहिलं आणि वस्तू आव्यात गेली तर त्या पाण्याची वाफ होते आणि वस्तू फुटते. पॉलिमर क्लेला पाणी नाही, मातीला आहे. एकाला वाळवायची गरज नाही, दुसरीला वाळवल्याशिवाय गत नाही. पण दोघींना घाई चालत नाही, हे मात्र सारखंच.

आणि तेही नसेल तर भाकरी आहे. पातळ, मध्यम, जाड अशा तीन भाकरी एकाच आचेवर भाजून मुलांना वहीत लिहायला सांगा. तोच धडा, आणि वर पोटात!

कच्चं आणि करपलेलं

या सगळ्यातून माझ्या मनात एक गोष्ट पक्की बसली. कच्चं राहिलेलं पुन्हा भाजता येतं. करपलेलं पुन्हा पूर्ववत होत नाही.

त्या मुलीचा घोडा आम्ही टाकला नाही. मोडलेल्या जागी ताज्या क्लेची बारीक वळी लावली, पाय बसवला, सांधा सारखा केला आणि नीट तापलेल्या ओव्हनमध्ये पुरेसा वेळ पुन्हा ठेवला. घोडा उभा राहिला. सांध्यावर एक बारीक रेघ दिसते, पण पाय हलत नाही. त्या नऊ करपलेल्या वस्तूंचं मात्र आम्हाला काहीच करता आलं नाही. त्यातला फोड आलेला एक मणी मी माझ्या टेबलावर ठेवला आहे.

तुम्हाला संत गोरा कुंभारांची गोष्ट माहीत आहे. तेर गावच्या गोरोबाकाकांनी संतमेळ्यात थापटीनं एकेकाच्या डोक्यावर मारून कोण पक्कं, कोण कच्चं ते पाहिलं आणि नामदेवांना कच्चं ठरवलं. आपण ही गोष्ट गुरूची महती सांगण्यासाठी सांगतो. नामदेव पुढे औंढ्याला विसोबा खेचरांकडे गेले, हेही सांगतो. पण मला आता त्यातली दुसरी बाजू दिसते. सगळ्यांसमोर "कच्चा" म्हटलेलं नामदेवांनाही लागलं होतं. एवढ्या मोठ्या संताला लागलं, तर बारा वर्षांच्या पोरीला लागणार नाही का? आणि तिच्या बाबतीत तर थापटीच चुकीच्या मडक्यावर पडली होती. कच्चं माझं वाचन होतं.

आपण शिक्षक आणि पालक रोज काहीतरी भाजत असतो. भागाकार, जोडाक्षरं, इंग्रजीची स्पेलिंग. एखादं मूल कच्चं राहिलं की आपण पहिल्यांदा काय करतो? एकतर म्हणतो, "तू नीट केलं नाहीस." नाहीतर आच वाढवतो: जास्त गृहपाठ, जास्त आवाज, जास्त शिकवणी. क्वचितच कोणी थर्मामीटर लावून बघतो की आपणच आच कशी लावली होती, वेळ पुरेसा दिला होता का, त्या मुलाची जाडी किती आणि आपण सगळ्यांना एकाच मिनिटांत काढलं का. मुलाची चूक नसतेच असं मी म्हणत नाही. कधी कधी खरंच मळलेलं नसतं. पण ते कळायला आधी ओव्हन तपासावा लागतो. क्रम एवढाच आहे.

आणि मूल गप्प बसलं तर त्याला कळलं, असं समजू नका. तीन दिवसांची गैरहजेरी हीसुद्धा एक नोंद असते. आमच्यासारख्या भागात तीन दिवसांचे तीस दिवस आणि तीसांचं कायमचं व्हायला वेळ लागत नाही. मी त्या संध्याकाळी गेले नसते तर काय झालं असतं, याचा विचार मी फार लांबवत नाही.

शेवटी एक गंमत सांगते. वर्षअखेरीला मी चुकांची वही वाचत होते. त्या घोड्याच्या पानावर तिच्या अक्षरात लिहिलं होतं. काय केलं: घोडा पंधरा मिनिटं ठेवला. काय झालं: पाय मोडला. का झालं असेल: मॅडमनी घाई केली. पुढच्या वेळी काय बदलू: आधी विचारायचं.

मी ते पान तसंच ठेवलं आहे. कोण विचारायचं ते तिनं लिहिलेलं नाही, पण मला कळलं.

होळीला तिचे बापू आले. तिनं घोडा त्यांना दाखवला आणि सांध्यावरची रेघही दाखवली, असं आजीनं सांगितलं. मुलगी आता आठवीत गेली आहे. वर्गात उत्तर देताना ती अजूनही क्षणभर माझ्या चेहऱ्याकडे बघते, मी रागावणार तर नाही ना म्हणून. तो क्षण आधीपेक्षा लहान झाला आहे. पूर्ण गेलेला नाही. मीही घाई करत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी मुलाच्या हातून काही मोडलं, काही चुकलं, तर तोंडातून शब्द निघायच्या आधी एकदा काट्याकडे बघा. आणि मग "तू काय केलंस?" असं न विचारता "काय झालं असेल रे?" असं विचारून बघा. उत्तर बऱ्याचदा त्याच्याकडेच असतं. आपण बसून ऐकायचं असतं.